अमेरिकेत बाळाची रजिस्ट्री करताना: नवे काय मागावे, वापरलेले काय घ्यावे

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी जोडप्याकडे गोड बातमी असल्याचे कळले की तिथली मित्रमंडळी आणि कचेरीतले सहकारी अभिनंदनानंतर लगेच विचारतात की रजिस्ट्री कुठे केली आहे. रजिस्ट्री म्हणजे येणाऱ्या बाळाला लागणाऱ्या वस्तूंची, आईवडिलांनी स्वतः तयार करून दुकानाच्या संकेतस्थळावर ठेवलेली यादी. देणाऱ्याने त्यातली एखादी वस्तू विकत घेतली की तिच्यापुढे तशी नोंद होते, त्यामुळे एकच वस्तू चौघांकडून येत नाही. आपल्याकडे आहेर देणाऱ्याने आपल्या मनाने द्यायचा आणि घेणाऱ्याने 'कशाला उगीच' म्हणत स्वीकारायचा अशी रीत असल्यामुळे अशी यादी पाठवणे पुष्कळांना हात पसरण्यासारखे वाटते. हा संकोच खरा आहे. परंतु यादी नसली तर लोक देण्याचे थांबत नाहीत, ते अंदाजाने देतात. मग घरात सगळ्यांत लहान मापाचे कपडे आणि मऊ खेळणी साठतात आणि कार सीट, क्रिब म्हणजे बाळाचा कठड्याचा पलंग, डायपर यांचा मोठा खर्च मात्र आपल्याच खिशातून होतो.

यादी करताना मनाशी एक निकष पक्का असावा. ज्या वस्तूच्या भरवशावर बाळाचा जीव सोपवायचा आहे ती नवी आणि आपण स्वतः निवडलेली असावी. जी काही आठवड्यांत तोकडी होणार आहे ती ओळखीच्या घरातली वापरलेली घ्यायला काहीच हरकत नसावी. आणि जी लागेल की नाही हे बाळ आल्यावरच कळणार आहे ती यादीत घालूच नये.

केव्हा आणि कुठे

विसाव्या आठवड्याच्या सुमारास होणारी मोठी सोनोग्राफी झाली की यादीला सुरुवात करावी. डोहाळजेवण किंवा बेबी शॉवर सातव्या-आठव्या महिन्यात असेल आणि आमंत्रणे चार ते सहा आठवडे आधी जाणार असतील, तर त्यापूर्वी यादी बऱ्यापैकी पुरी झालेली असली पाहिजे. अ‍ॅमेझॉन आणि टार्गेट या दोन्हींकडे ही सोय विनामूल्य आहे. बेबीलिस्टसारख्या संकेतस्थळावर तर कोणत्याही दुकानातली वस्तू एकाच यादीत घालता येते. मुख्य यादी एकच ठेवावी, कारण दोन-तीन ठिकाणी याद्या असल्या की कोणी काय घेतले याचा मेळ लागत नाही. दुकान निवडताना दोन गोष्टी आवर्जून वाचाव्यात. एक म्हणजे उरलेल्या वस्तू आपण स्वतः घेताना मिळणारी सवलत, जी बहुधा १० ते १५ टक्के असते आणि ठरावीक मुदतीतच वापरता येते. दुसरी म्हणजे परत करण्याची मुदत, जी रजिस्ट्रीतल्या वस्तूंना नेहमीच्या खरेदीपेक्षा बरीच जास्त, काही दुकानांत वर्षभराची असते. या अटी अधूनमधून बदलतात, म्हणून मैत्रिणीने सांगितलेल्या दोन वर्षांपूर्वीच्या अटींवर विसंबू नये.

यादी तयार होताच तिच्या खासगीपणाचे पर्याय तपासावेत. संकेतस्थळांवर पुष्कळदा कोणीही आईवडिलांच्या नावाने शोधले तर यादी सापडते आणि तिच्यात प्रसूतीची अपेक्षित तारीखही दिसते. दुवा ज्याच्याकडे आहे त्यालाच यादी दिसेल असा पर्याय निवडावा आणि घरचा पत्ता देणाऱ्याला पूर्ण दिसत नाही ना, हे एकदा पाहून घ्यावे.

बाळ येण्याआधी त्याच्यासाठी काही आणू नये, असे अनेक घरांत मानतात. वडीलधाऱ्यांच्या मनाला लागेल असे वागण्याची गरज नाही. यादीत वस्तू नोंदवणे म्हणजे ती घरात आणणे नव्हे. आलेली खोकी मित्राच्या घरी बंदच ठेवता येतात, आणि सगळ्यांना 'बारशाच्या सुमारास पाठवा' असेही सांगता येते. याला अपवाद कार सीटचा आणि बाळाला निजवण्याच्या जागेचा. सासूबाईंना किंवा आईला हे आधीच शांतपणे समजावून सांगावे, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाहीत.

कार सीट

अमेरिकेतल्या सर्व राज्यांत तान्ह्या बाळाला मोटारीत कार सीटवरच बसवावे लागते. दवाखान्यातून बाळाला मोटारीने घरी न्यायचे असेल, तर सीट आधीच बसवलेली असावी लागते आणि बहुतेक दवाखान्यांत परिचारिका तशी खात्री करूनच निरोप देतात. म्हणून यादीतली पहिली वस्तू ही असावी, आणि पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत ती कोणी दिली नाही तर आपणच विकत घ्यावी.

सीटचे दोन प्रकार विचारात घ्यायचे असतात. उचलून नेता येणारी, मोटारीत आधीच बसवलेल्या बैठकीवर (बेसवर) खटकन बसणारी तान्ह्या बाळाची सीट साधारण ३० ते ३५ पौंडांपर्यंत चालते, पण बाळाची उंची वाढल्यामुळे ती बहुधा त्याआधीच, वर्षभराच्या आसपास अपुरी पडते. दुसरी कन्व्हर्टिबल सीट, म्हणजे आधी मागे आणि नंतर पुढे तोंड करून बसवता येणारी, मोटारीतच राहते आणि पुढे कित्येक वर्षे पुरते. बर्फाच्या प्रदेशात, किंवा तिसऱ्या मजल्यावर राहून एकटीने बाळाला खाली-वर न्यायचे असेल, तर पहिली सोयीची ठरते. पैशाचा विचार केला तर दुसरी. महागडी सीट अधिक सुरक्षित असते ही समजूत मात्र सोडून द्यावी. अमेरिकेत विकली जाणारी प्रत्येक सीट एकाच संघीय मानकाला, म्हणजे क्रमांक २१३ च्या मानकाला उतरावी लागते. वरचे पैसे कापडाचे, वजनाचे आणि सोयीचे असतात. आपल्या मोटारीत नीट बसणारी आणि आपल्याला दर वेळी बिनचूक वापरता येणारी सीट हीच चांगली सीट. भारतातून सीट आणण्याचा विचार करू नये, कारण तिच्यावर या मानकाची पूर्तता केल्याची खूण नसेल तर ती तिथे ग्राह्य धरली जात नाही.

वापरलेली सीट घ्यायची असेल तर ती सख्ख्या बहिणीची किंवा तितक्याच विश्वासाच्या माणसाची असावी. सीटला वापराची मुदत असते, ती खाली किंवा मागे छापलेली असते आणि उत्पादनापासून बहुधा सहा ते दहा वर्षांची असते. मोठ्या अपघातातून गेलेली सीट वरून धडधाकट दिसली तरी वापरायची नसते. अनोळखी माणसाकडून घेतलेल्या सीटचा पूर्वेतिहास कळण्याचा मार्गच नसतो, म्हणून तिथे स्वस्ताईचा मोह टाळावा.

सीट आल्यावर ती खोक्यातच ठेवून देऊ नये. ती मोटारीत बसवून पट्टा जिथून जातो तिथे हाताने हलवून पाहावी. एक इंचापेक्षा जास्त सरकली तर ती नीट बसलेली नाही. बाळाला बसवल्यावर खांद्याजवळचा पट्टा बोटांच्या चिमटीत धरण्याचा प्रयत्न करावा: चिमटीत पट्ट्याची घडी आली तर तो सैल आहे, बोटे नुसती घसरली तर बरोबर आहे. छातीवरची चाप काखेच्या रेषेत असावी, आणि मागे तोंड असलेल्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीवरून किंवा किंचित खालून यावेत. थंडीत फुगीर कोट घालून पट्टे लावू नयेत. धडक बसली की कोट दबतो आणि पट्टा आपोआप सैल होतो, म्हणून आधी पट्टे आवळून वरून पांघरूण घालावे. प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून सीट तपासून घेण्याची सोय अनेक गावांत अग्निशमन केंद्रांत किंवा दवाखान्यांत विनामूल्य असते आणि तिची माहिती राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. नियम राज्याराज्यांत वेगळे असतात. मराठी वस्ती मोठी असलेल्या न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात दोन वर्षांपर्यंत सीटचे तोंड मागे ठेवणे, वजनाच्या किंवा उंचीच्या ठरावीक अपवादांसह, कायद्याने बंधनकारक आहे.

निजण्याची जागा

क्रिब नवी मागावी, पण तिच्यासोबत दाखवल्या जाणाऱ्या सजावटीच्या संचाला हात लावू नये. अमेरिकेत २८ जून २०११ पासून क्रिबचे नियम कडक झाले आणि एक बाजू खाली सरकणाऱ्या क्रिब विकण्यास बंदी आली, म्हणून कोणाकडून जुनी घ्यायचीच असेल तर ती त्यानंतरची, सगळे स्क्रू आणि बिजागऱ्या शाबूत असलेली असावी. गादी टणक आणि सपाट असावी. गादी आणि क्रिबची कड यांच्यामध्ये दोन बोटांहून अधिक फट राहिली तर ती गादी त्या क्रिबची नव्हे. कठड्याला बांधायच्या मऊ गुंडाळ्या आणि दहा अंशांपेक्षा जास्त उतार असलेले झोपण्याचे पाळणे यांच्या विक्रीवर २०२२ च्या संघीय कायद्याने बंदी आली आहे. तरीही भेट म्हणून किंवा जुन्या सामानात ते येऊ शकतात, तेव्हा ते वापरू नयेत. जागा लहान असेल तर पॅक-अँड-प्ले हा घडी होणारा, जाळीच्या भिंतींचा पाळणा क्रिबऐवजी चालतो. त्यात त्याच्यासोबत आलेलीच गादी घालावी, मऊ वाटावी म्हणून वर दुसरी टाकू नये.

इथे आपल्या रीतीशी थोडा संघर्ष होतो, आणि तो टाळण्यापेक्षा समजून घेणे बरे. डोके गोल व्हावे म्हणून राईची उशी, अंगावर मऊ गोधडी, बाजूला लोड, हे सगळे आपल्याकडे मायेचे मानले जाते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला मात्र स्पष्ट आहे की बाळाला पाठीवर, टणक सपाट गादीवर, उशी-पांघरुणाशिवाय निजवावे आणि किमान पहिले सहा महिने आईवडिलांच्या खोलीत, पण त्याच्या स्वतःच्या जागेवर ठेवावे. झोपेत तोंडावर आलेले कापड बाजूला सारण्याची ताकद तान्ह्या बाळात नसते, हे त्यामागचे कारण आहे. थंडीसाठी अंगात घालायची झोपेची पिशवी, म्हणजे स्लीप सॅक, यादीत घालावी. वजन भरलेल्या पिशव्या मिळतात, त्या घेऊ नयेत. आजीने शिवलेली गोधडी वाया जात नाही: जागे असताना बाळाला पालथे घालून खेळवायला जमिनीवर तिच्याइतके छान काही नाही, आणि डोक्याचा आकार सुधारायलाही त्या पालथे राहण्याचाच उपयोग होतो.

दूध, कपडे, डायपर

ब्रेस्ट पंप यादीत घालण्यापूर्वी आपल्या आरोग्य विमा कंपनीला फोन करावा. परवडणाऱ्या आरोग्यसेवेच्या २०१० च्या कायद्यानुसार बहुतेक विमा योजनांना पंपाचा खर्च द्यावा लागतो. डॉक्टरांची चिठ्ठी आणि कंपनीने ठरवलेला पुरवठादार एवढेच बहुधा लागते. मैत्रिणीने शंभर-दोनशे डॉलर ज्यासाठी खर्च केले असते ते विम्यातून मिळत असेल, तर तिच्या पैशातून डायपर येणे अधिक उपयोगाचे. बाटल्या एकाच प्रकारच्या डझनभर मागू नयेत. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या एक-दोन पुरेत, कारण कोणते बाळ कोणते निपल पसंत करील हे कोणालाच आधी सांगता येत नाही. पावडरच्या दुधाचा साठाही याच कारणाने आधी करू नये.

कपड्यांसाठी मागणी कमीत कमी ठेवावी, कारण न मागताही ते भरपूर येतात. मागायचेच तर तीन ते सहा आणि सहा ते बारा महिन्यांचे, आणि ऋतूचा हिशेब करून: सप्टेंबरमध्ये होणारे बाळ तीन ते सहा महिन्यांचे असेल ते डिसेंबर ते मार्चमध्ये, तेव्हा त्या मापात उन्हाळी फ्रॉक कामाचा नाही. रात्रीसाठी खालून वर उघडणारी चेन असलेले अंगभर कपडे घ्यावेत. पहाटे तीन वाजता अर्धवट झोपेत बारीक बटणे जुळवणे फार त्रासाचे असते, आणि खालून उघडले की बाळाची छाती उघडी न टाकता डायपर बदलता येतो. डायपरचे सगळ्यांत लहान माप साधारण १० पौंडांपर्यंत, म्हणजे साडेचार किलोंपर्यंत चालते. तान्ह्या बाळाला दिवसाला आठ ते बारा डायपर लागतात हे खरे असले, तरी या मापाची एक-दोनच पाकिटे ठेवून पुढच्या दोन मापांची मागणी करावी, किंवा 'डायपरसाठी निधी' अशी नोंद ठेवावी. कापडी लंगोट वापरायचे असतील तर घरातच धुण्याचे यंत्र आहे का, याचा विचार आधी व्हावा. तळघरातल्या सामाईक यंत्रावर रोजचे लंगोट धुणे बाळंतिणीच्या घरी निभत नाही.

छोट्या वस्तूंत एक साधा डिजिटल तापमापक नक्की असावा. तीन महिन्यांखालच्या बाळाचे गुदद्वारातून मोजलेले तापमान १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आले तर ताबडतोब डॉक्टरांना फोन करायचा असतो, आणि तिथे कपाळाला हात लावून काढलेला अंदाज चालत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळांना रोज ४०० युनिट 'ड' जीवनसत्त्व देण्याचा सल्ला असतो; ते थेंबही यादीत बसतात.

वॉकर घालू नये. कॅनडात त्यावर २००४ पासून बंदी आहे आणि अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही तीच मागणी करत आले आहेत. पुसण्याचे कागद गरम करणारे यंत्र, बाळाचे बूट, टाल्कम पावडर यांनाही जागा देऊ नये.

आजीच्या बॅगेतली यादी

प्रसूतीसाठी आई किंवा सासूबाई भारतातून येणार असतील तर त्यांच्यासाठी वेगळी, छोटी यादी करावी, आणि ती दुव्याने न पाठवता फोनवर सांगावी. 'काय आणू?' असे त्या विचारतातच, आणि त्यांना काही आणू न देणे म्हणजे त्यांना दुखावणे. धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साडीची दुपटी, बंदांची झबली, टोपरी, कुंची, तिकडे सहज न मिळणारे बाळंतशेपा, डिंक आणि अळीव, या वस्तूंची सर अमेरिकेतल्या दुकानाला येत नाही. मात्र खाण्याचे जे काही असेल ते विमानतळावर अधिकाऱ्यांना जाहीर करावे. न सांगता आणलेले सापडले तर दंड होऊ शकतो.

तीन गोष्टींबद्दल त्यांच्याशी आधीच बोलावे. काजळ डोळ्यांत घालू नये: पारंपरिक काजळ-सुरम्यात शिसे आढळले आहे आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिलेली नाही. तीट लावायचीच असेल तर घरी बसून दुसरा पर्याय शोधता येतो. मध, मग तो सोने उगाळून चाटवण्याइतका थेंबभर असो किंवा गुटीत मिसळलेला असो, वर्षाच्या आत देऊ नये, कारण त्यातील जिवाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बिंदल्या, काळ्या मण्यांच्या मनगट्या आणि गळ्यातली साखळी बारशाच्या फोटोपुरती घालून लगेच काढून ठेवावी. दोरा तुटला की मणी तोंडात जातो. हे 'तुमचे चुकते' अशा सुरात न सांगता, 'इथले डॉक्टर हे टाळायला सांगतात' असे सांगितले की त्या समजून घेतात, आणि ते खरेही आहे.

किमती, संदेश आणि वापरलेल्या वस्तू

यादीत वीस-पंचवीस डॉलरांखालच्या वस्तू भरपूर असाव्यात. शिकणारा भाचा किंवा नुकता नोकरीला लागलेला मित्र यांना यादी उघडताच फक्त दोनशे डॉलरांचे आकडे दिसले तर ते ओशाळतात. स्ट्रोलर (बाळाची ढकलगाडी) आणि क्रिब यांच्यापुढे अनेकांनी मिळून देण्याचा पर्याय सुरू ठेवावा. ज्यांना वस्तूंची निवड करणे जमत नाही त्यांच्यासाठी एक वेगळी ओळ असावी: पहिल्या महिन्यात एका दिवसाचा डबा. वरण-भात, मऊ पोळी आणि दुधीची भाजी दारात ठेवून जाणारी मैत्रीण बाळंतिणीला कोणत्याही खेळण्यापेक्षा जवळची वाटते, आणि बऱ्याच संकेतस्थळांवर अशी मदतही यादीत नोंदवता येते.

संदेश साधा असावा: 'तुमचे आशीर्वाद हवेतच. काही जणांनी विचारले म्हणून बाळाला लागणाऱ्या वस्तूंची यादी सोबत देत आहोत. तुमच्याकडे वापरलेले कपडे, आंघोळीचा टब किंवा पुस्तके असतील तर ती आम्हाला नव्याइतकीच आवडतील.' या शेवटच्या वाक्याचा फार उपयोग होतो. गावातल्या महाराष्ट्र मंडळाच्या गटावर वर्ष-दीड वर्षाच्या मुलांचे आईवडील या वस्तू कोणाला द्याव्यात याच विचारात असतात, आणि बारशाचा सजवलेला पाळणाही अशाच एखाद्या घरातून एका दिवसासाठी मिळून जातो.

वस्तू आल्यावर

प्रत्येक खोके उघडताना कोणी काय दिले याची वहीत नोंद करावी, कारण आभाराचे पत्र तिथे अपेक्षित असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कार सीट, क्रिब, स्ट्रोलर, उंच खुर्ची यांच्या खोक्यात एक नोंदणीपत्र असते, ते फेकू नये. १९९८ साली शिकागोत दीड वर्षाचाही नसलेला डॅनी कीसर घडी होणाऱ्या पाळण्यात अडकून दगावला. तो पाळणा पाच वर्षांपूर्वीच बाजारातून परत मागवण्यात आला होता, पण वापरणाऱ्यांपर्यंत ते पोहोचलेच नव्हते. त्याच्या नावाने झालेल्या २००८ च्या कायद्यामुळे क्रिब, स्ट्रोलर यांसारख्या वस्तूंसाठी ही पत्रे सक्तीची झाली; कार सीटसाठी ती आधीपासूनच सक्तीची होती. वस्तू दुसऱ्याने विकत घेतलेली असल्यामुळे कंपनीकडे आपले नाव नसते, म्हणून ते पत्र भरून पाठवणे किंवा त्यावरच्या पत्त्यावर ऑनलाइन नोंदणी करणे हे आपल्यालाच करायचे असते. वापरलेल्या वस्तूंचा नमुना क्रमांक ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या, आणि कार सीटचा महामार्ग सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर तपासावा.

छत्तिसाव्या आठवड्यात यादी पुन्हा उघडावी, उरलेल्या वस्तूंपैकी खरोखर लागणाऱ्या तेवढ्या सवलतीच्या दरात घ्याव्यात आणि बाकीच्या काढून टाकाव्यात. दुहेरी आलेल्या वस्तू खोके न फोडता ठेवाव्यात, आणि परत करण्याची शेवटची तारीख कोणाला तरी, शक्यतो बाळाच्या बाबांना, आपल्या फोनमध्ये नोंदवून ठेवायला सांगावी.